मांजराचे पान कसे वाढावे?

(द्वितीय वर्ष, कला)

गेल्या पावसाळ्यात धामणकर नाक्याजवळच्या एका यंत्रमाग कारखान्यात, कापडाच्या ताग्यांमागे, एका मांजरीने तीन पिले घातली. त्यांतली दोन पिले कुठे गेली ते कुणालाच कळले नाही. तिसरे पिलू बाबांनी शर्टाच्या खिशात घालून घरी आणले. मागाच्या धोट्यात सुताची कांडी बसवतात, तिच्याएवढेच ते बारीक दिसत होते. म्हणून तिचे नाव 'कांडी' पडले.

कांडीला काय घालायचे यावर घरात पहिल्याच दिवशी परिषद भरली. आजीचे मत, दूध-भाकरी कुस्करून घालावी. गावाकडे सगळी मांजरे त्यावरच वाढली. आईचे मत, जेवणात उरेल ते घालावे. मी मात्र ठामपणे सांगितले की मांजर हा मांसाहारी प्राणी आहे, त्याला मांसच दिले पाहिजे, आणि तेही कच्चे. जंगलात वाघाला कोण शिजवून घालतो? आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे माझ्या शब्दाला थोडे वजन आहे. कोपऱ्यावरच्या चिकनच्या दुकानातून रोज थोडे बोनलेस येऊ लागले. आमच्या ताटात त्या दिवशी काय असेल ते असो, कांडीच्या वाटीत मात्र कोंबडीच्या छातीचे पांढरेशुभ्र तुकडे असत. तीही मिटक्या मारीत खाई.

तीन महिने असे गेले. मग कांडी उडी मारीनाशी झाली. उचलून घेतले की ओरडे. एके दिवशी ती साध्या पाटावरून खाली उतरली आणि तिचा मागचा पाय मोडला. ठाण्याला डॉक्टरांकडे नेले. त्यांनी क्ष-किरण चित्र उजेडाकडे धरले. हाडे असावीत तिथे नुसत्या पुसट सावल्या दिसत होत्या.

"काय खायला घालता हिला?"

"चिकन. रोज. बोनलेस," मी जरा अभिमानानेच म्हटले.

"मांस घातलंस ते बरोबर आहे गं. पण हाडं कशाची व्हायची तिची?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जे वाचले, विचारले आणि समजून घेतले, ते या लेखात मांडीत आहे. आपल्या महाविद्यालयात घरी मांजर असणारे पुष्कळ आहेत. माझी चूक त्यांच्याकडून होऊ नये एवढाच हेतू.

मांसाहारी म्हणजे नेमके काय?

कुत्राही मांस खातो आणि मांजरही खाते. पण दोघांत मोठा फरक आहे. कुत्रा माणसाच्या सहवासात बराचसा मिश्राहारी झाला. मांजराने आपली शरीररचना बदललीच नाही. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका दफनात माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. हा शोध २००४ साली प्रसिद्ध झाला. माणूस धान्य साठवू लागला, धान्याला उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आले, अशी ही ओळख. म्हणजे आपल्या घरी मांजर आले ते आपले अन्न खायला नव्हे, तर आपले अन्न खाणाऱ्यांना खायला. भिवंडीच्या गोदामांतून आजही हेच नाते चालू आहे.

हजारो पिढ्या प्राणीच खाल्ल्यामुळे मांजराच्या शरीराने काही कामे करणे सोडून दिले. जे तयार मिळते ते घरी कशाला बनवा, असाच हा प्रकार. गाजरातल्या पिवळ्या द्रव्यापासून आपले शरीर 'अ' जीवनसत्त्व बनवते. मांजराला ते बनवता येत नाही, त्याला ते तयारच लागते. नायसिन हे 'ब' गटातले जीवनसत्त्व आपण काही अंशी प्रथिनांपासून तयार करतो. मांजराला ते पुरेसे तयार करता येत नाही. ॲरॅकिडोनिक आम्ल नावाचा एक आवश्यक स्निग्ध घटक त्याला प्राण्यांच्या चरबीतूनच घ्यावा लागतो. आर्जिनिन हे अमिनो आम्ल जेवणात अजिबात नसेल, तर एका जेवणानेही मांजराच्या रक्तात अमोनिया वाढून ते गंभीर आजारी पडते.

गोड चवीचेही तसेच. गोड ओळखण्यासाठी जिभेवर जी रचना लागते तिचे एक जनुक मांजरात निकामी आहे, हे २००५ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. तेव्हा आपला बोका बासुंदीच्या पातेल्यात तोंड घालतो तो साखरेसाठी नव्हे, सायीसाठी!

तात्पर्य, मांसाहार ही मांजराची आवड नाही, ती त्याची गरज आहे. अहिंसेचे व्रत आपण आपल्यापुरते जरूर घ्यावे. ते मांजराच्या वतीने घेता येत नाही. शंभर उंदीर खाऊन मांजर काशीला निघाली, असे आपण थट्टेने म्हणतो. ते शंभर उंदीर खाल्ले नसते, तर बिचारी काशीपर्यंत पोचलीच नसती.

इथपर्यंत माझे म्हणणे बरोबरच होते. घोटाळा पुढे झाला.

उंदीर हे पूर्णान्न

मांजराचे अन्न मांस आहे असे आपण म्हणतो, पण ते पुरते खरे नाही. मांजराचे अन्न उंदीर आहे. आणि उंदीर म्हणजे नुसते मांस नव्हे.

एका लहान उंदरापासून साधारण तीस कॅलरी मिळतात. त्या हिशेबाने बाहेर शिकार करून जगणाऱ्या मांजराला दिवसाला आठ-दहा उंदीर तरी लागतात. म्हणजे ते दिवसरात्रीत आठ-दहा वेळा थोडेथोडे खाते. उंदराच्या वजनात सुमारे सत्तर टक्के पाणीच असते. म्हणूनच मांजर वाटीतले पाणी कमी पिते. त्याचे पाणी त्याच्या अन्नात असते. मोकाट मांजरांच्या आहाराचा जगभरातला अभ्यास एकत्र करून २०११ साली काही संशोधकांनी हिशेब मांडला. त्यात मांजराला मिळणाऱ्या शक्तीपैकी सुमारे ५२ टक्के प्रथिनांतून, ४६ टक्के चरबीतून आणि अवघी २ टक्के पिष्टमय पदार्थांतून येते असे दिसले. आता आजीची दूध-भाकरी या आकड्यांशेजारी ठेवून पाहावी.

मांजर उंदीर खाते तेव्हा ते स्नायू खाते, तसेच हाडे, काळीज, हृदय, मूत्रपिंड, मेंदू, रक्त आणि कातडीही खाते. प्रत्येकातून काही वेगळे मिळते. हाडांतून कॅल्शियम, काळजातून 'अ' जीवनसत्त्व, हृदयातून टॉरिन, रक्तातून लोह आणि मीठ. निसर्गाने हे सारे एका कातडीच्या पिशवीत योग्य प्रमाणात बांधून दिले आहे. आपण दुकानात जातो आणि त्या पिशवीतला एकच जिन्नस किलोवर विकत घेतो. मग त्याला नैसर्गिक आहार असे नाव देतो. मी हेच केले.

बोनलेसचा घोटाळा

हा घोटाळा आकड्यांत सांगितला की लगेच कळतो. शंभर ग्रॅम बोनलेस चिकनमध्ये फॉस्फरस सुमारे २०० मिलिग्रॅम असतो आणि कॅल्शियम फक्त १० ते १२ मिलिग्रॅम. म्हणजे कॅल्शियमच्या सतरा ते वीस पट फॉस्फरस. मांजराच्या आहारात मात्र ही दोन्ही द्रव्ये जवळजवळ सारखी, किंबहुना कॅल्शियम किंचित जास्त असावे लागते.

कॅल्शियम काही फक्त हाडांसाठी नसते. हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, मज्जातंतूंचे काम या सर्वांना रक्तात ते ठराविक प्रमाणात असावेच लागते. आहारातून ते आले नाही की गळ्यातील थायरॉइडजवळच्या लहान ग्रंथी एक स्राव सोडतात. हा स्राव हाडांना हुकूम देतो: तुमच्याजवळचे द्या. हाडे देतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा मागणी, पुन्हा देणे. पगार थकला म्हणजे घरातले एकेक भांडे मोडीत जाते, तसे हे चालते. वरून घर चाललेले दिसते. पिलू खाते, खेळते, अंगाने भरतेसुद्धा. आतून मात्र हाडे पोकळ होत जातात आणि एके दिवशी पाटावरून उतरताना पाय मोडतो. वाढत्या पिलांत हे फार लवकर घडते, कारण त्यांची गरज मोठी आणि हाडांतली शिल्लक थोडी.

ही चूक करणारी मी पहिली नाही हे वाचून थोडे समाधान वाटले. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सिंहाचे छावे जगत नसत. त्यांना घोड्याचे बिनहाडाचे, बिनचरबीचे मांस दिले जाई. १८८९ साली जॉन ब्लँड-सटन या शल्यवैद्याने त्यांच्या आहारात कुटलेली हाडे, दूध आणि कॉड माशाच्या यकृताचे तेल घालण्यास सांगितले. छावे बरे झाले. एवढ्या मोठ्या शहरातील जाणत्या लोकांना जे उमगायला वेळ लागला, ते मला धामणकर नाक्यावर उमगले नाही यात नवल नाही. पण तेव्हा त्यांना सांगणारे कुणी नव्हते. मला वाचायला ग्रंथालय होते. मी एक वाक्य वाचून पुस्तक मिटले, हा दोष माझाच.

टॉरिनची गोष्ट

दुसरी गोष्ट टॉरिनची. १८२७ साली हे द्रव्य प्रथम बैलाच्या पित्तातून वेगळे काढले गेले. लॅटिनमध्ये बैलाला 'टॉरस' म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. माणूस, कुत्रा, गाय हे आपल्याला लागणारे टॉरिन बहुधा शरीरातच तयार करतात. मांजराला ते पुरेसे करता येत नाही. १९७५ साली के. सी. हेज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दुधातील केसिन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतला पडदा टॉरिनच्या अभावी खराब होतो आणि त्यांची दृष्टी जाते. पुढे १९८७ साली कॅलिफोर्नियात पॉल पायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याहून धक्कादायक गोष्ट सिद्ध केली. डब्यातले तयार अन्न खाणारी मांजरे हृदय फुगून मरत होती, आणि त्याचे कारणही टॉरिनची कमतरताच होते. टॉरिन दिल्यावर अनेक मांजरांची हृदये सुधारली. त्यानंतर कारखानदारांनी तयार अन्नातले टॉरिन वाढवले आणि हा रोग कितीतरी कमी झाला.

टॉरिन सर्वांत जास्त असते ते सतत काम करणाऱ्या स्नायूंत, म्हणजे हृदयात. कोंबडीच्या तंगडीच्या काळपट मांसात ते भरपूर असते. छातीच्या पांढऱ्या मांसात फारच थोडे. आपण मात्र जास्त पैसे मोजून मांजरासाठी छातीचे तुकडे आणतो! टॉरिन पाण्यात विरघळते. मांस उकळून पाणी फेकून दिले की त्या पाण्याबरोबर तेही गटारात जाते. म्हणून मांस शिजवायचे असेल तर त्याचा रस्सा मांजरालाच द्यावा. हा रस्सा अर्थात नुसत्या पाण्याचा. त्यात मीठ, मसाला, कांदा, लसूण काहीही नको. कांदा व लसूण मांजराच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. आपल्या घरातले उरलेले कालवण त्यामुळे मांजरासाठी धोक्याचे आहे, मग त्यात मटणाचा तुकडा का असेना. आईच्या मताचा निकाल असा लागला.

कलेजी, मासे आणि दूध

मग रोज कलेजी द्यावी का? दुकानात कलेजी-पेटा स्वस्त मिळतो आणि मांजरे त्यावर तुटून पडतात. पण कलेजीत 'अ' जीवनसत्त्व इतके असते की रोज पोटभर दिल्यास ते शरीरात साठते. ऑस्ट्रेलियात १९६० च्या दशकात केवळ कलेजीवर वाढलेल्या मांजरांचा अभ्यास झाला. त्यांच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून गेले होते. मान वळवून अंग चाटणेही त्यांना जमत नव्हते. कलेजी हवी, पण चटणीसारखी, भाजीसारखी नव्हे.

मासे हे मांजराचे आवडते अन्न असे आपण लहानपणापासून ऐकतो. पण काही कच्च्या माशांत थायमिन, म्हणजे 'ब-१' जीवनसत्त्व, नष्ट करणारा घटक असतो. हेरिंग व कार्प यांसारख्या माशांबद्दल हे चांगले माहीत आहे. असे मासे रोज कच्चे खाणाऱ्या मांजराचा तोल जातो, मान खाली वाकते, झटके येतात. शिजवल्याने हा घटक निकामी होतो. तेलकट मासे सतत दिल्यास 'ई' जीवनसत्त्व कमी पडून शरीरातील चरबी पिवळी होते आणि दुखू लागते. सुकट-बोंबलात मिठाचाही प्रश्न आहे. तेव्हा मासे आठवड्यातून एखाद-दुसऱ्या वेळी, उकडून, काटे काढून द्यावेत.

दुधाबद्दल थोडक्यात. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दुधातील साखर नीट पचत नाही, पोट बिघडते. मांजर डोळे मिटून दूध पिते ही म्हण खरी आहे, पण ते दूध त्याला मानवते असे म्हणीत कुठेच म्हटलेले नाही.

कच्चे की शिजवलेले?

आता मुख्य वादाकडे वळू. कच्च्या आहाराचे समर्थक फ्रान्सिस पॉटेंजर यांचे नाव नेहमी घेतात. या अमेरिकन डॉक्टरांनी १९३२ ते १९४२ या काळात कॅलिफोर्नियात सुमारे नऊशे मांजरांवर निरीक्षणे केली. कच्चे मांस खाणारी मांजरे धडधाकट राहिली आणि शिजवलेले मांस खाणारी पिढीगणिक खालावत गेली, असे त्यांनी नोंदवले. पण तेव्हा मांजराला टॉरिन आवश्यक असते हेच कुणाला माहीत नव्हते. शिजवलेल्या अन्नात ते कमी पडले होते काय, हे तपासण्याचा प्रश्नच आला नाही. तेव्हा या प्रयोगावरून 'शिजवणे वाईट' असा निष्कर्ष काढता येत नाही. 'शिजवताना जे गेले ते भरून काढा', एवढा काढता येतो.

कच्च्या मांसाच्या बाजूने बोलण्यासारखे आहे, नाही असे नाही. मांजर ते आवडीने खाते, त्यात पाणी भरपूर असते, आणि कच्चे हाड शिजवलेल्या हाडासारखे धारदार चिरफाळत नाही. शिजवलेले हाड मांजराला कधीच देऊ नये. पण कच्चे हाडही दातात किंवा आतड्यात अडकू शकते. म्हणून द्यायचेच तर ते बारीक खिमा करून दिले जाते.

परंतु धोक्याची बाजू जड आहे आणि तिचे उदाहरण आपल्याच राज्यात घडले आहे. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मरण पावले. माणसांशी संघर्ष झाल्यामुळे हे वाघ चंद्रपूरकडून तेथे आणलेले होते. जंगलात जे झाले नसते ते पिंजऱ्यात झाले. भोपाळच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये कळले की त्यांना बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१ हा रोग झाला होता. खायला दिलेल्या कोंबडीच्या मांसातून लागण झाली असावी, असा संशय तेव्हा व्यक्त झाला. त्याच सुमारास नागपूरच्या शेजारच्या छिंदवाडा येथे घरगुती मांजरांतही हा विषाणू सापडला.

आपल्याकडे हा रोग नवा नाही. भारतातील कोंबड्यांमध्ये तो प्रथम आढळला तो फेब्रुवारी २००६ मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. मांजराच्या कुळाला हा विषाणू फार घातक ठरतो. मांस बर्फात ठेवले की तो मरतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती चुकीची आहे. डिसेंबर २०२४ मध्येच अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात एक घरातून कधीही बाहेर न पडणारे मांजर या रोगाने दगावले. त्याने खाल्लेले कच्चे गोठवलेले तयार अन्न तपासले, तर त्यातला आणि मांजराच्या शरीरातला विषाणू एकच निघाला. गोठवल्याने विषाणू व जंतू झोपतात, मरत नाहीत. ते मरतात चांगल्या उष्णतेने.

याशिवाय साल्मोनेलासारखे जंतू आहेत. मांजराला कदाचित काही होणार नाही, पण त्याच ओट्यावर आपल्या भाकऱ्या थापल्या जातात. टॉक्सोप्लाझ्मा नावाचा एक परजीवी कच्च्या मांसातून आणि उंदरांतून मांजरात येतो व त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतो. गरोदर स्त्रीला पहिल्यांदाच त्याची लागण झाली तर गर्भाला अपाय होण्याची भीती असते. विष्ठेतून पडलेला हा परजीवी लागण करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराची माती रोजच्या रोज काढून टाकावी, आणि घरात कुणी गरोदर असेल तर ते काम दुसऱ्याने करावे. आमच्यासारख्या एका खोलीच्या घरात, जिथे स्वयंपाक, झोपणे आणि मांजर सारे एकाच ठिकाणी, तिथे हा विचार आधी करायला हवा.

कुणी म्हणेल, मग मांजराला सरळ उंदीरच पकडू द्यावेत. पण गोदामांतून आणि दुकानांतून उंदरांसाठी विष ठेवलेले असते. विष खाऊन अर्धमेला झालेला उंदीर मांजराला सहज सापडतो, आणि त्या विषाने मांजरही जाते.

मग पान कसे वाढावे?

आपण पानात डावी-उजवी बाजू पाहतो. मीठ, लिंबू, चटणी, भाजी, वरण, भात, प्रत्येकाची जागा आणि माप ठरलेले. मांजराचे पानही तसेच मांडले पाहिजे.

घरी करायचे झाल्यास एक किलोचा हिशेब साधारण असा: आठशे ग्रॅम तंगडीचे मांस, थोड्या कातडीसकट, दीडशे ग्रॅम हृदय, पन्नास ग्रॅम कलेजी. थोड्या पाण्यात हे आतपर्यंत नीट शिजवावे, निववून बारीक करावे आणि रस्सा त्यातच मिसळावा. हाड द्यायचे नसल्यामुळे कॅल्शियमसाठी अंड्याचे कवच उकळून, वाळवून, अगदी मैद्यासारखी पूड करावी. ती किलोला सुमारे पाच-सहा ग्रॅम, म्हणजे एक चहाचा चमचा लागते. एवढ्या पुडीत कॅल्शियम सुमारे दोन हजार मिलिग्रॅम असते, आणि किलोभर मांसात फॉस्फरसही जवळजवळ तेवढाच. हिशेब जुळतो तो असा. तीन किलो वजनाच्या मोठ्या मांजराला दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम पुरते, आणि ते तीन-चार वेळा विभागून द्यावे.

परंतु हेही पूर्णान्न नव्हे, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. यात 'ई' जीवनसत्त्व, आयोडीन, जस्त, मँगनीज यांची उणीव राहते, आणि शिजवताना थायमिन व टॉरिन काही प्रमाणात जातातच. २०१९ साली कॅलिफोर्नियातील संशोधकांनी मांजरांसाठी प्रसिद्ध झालेल्या शंभराहून अधिक घरगुती पाककृती तपासल्या. ज्यांचा पुरता हिशेब करता आला, त्यांतली एकही सर्व निकषांना उतरली नाही. त्यांत पशुवैद्यांनी लिहिलेल्या पाककृतीही होत्या. तेव्हा वरचे मिश्रण निरोगी, मोठ्या मांजराला अधूनमधून द्यायला उत्तम; पण रोज तेच द्यायचे असेल तर कोणती पूरक द्रव्ये किती घालायची, हे पशुवैद्याकडून लिहून घ्यावे. पिलांना आणि गाभण मांजरींना असा घरगुती प्रयोग नकोच. त्यांच्यासाठी 'पूर्ण आहार' असे लिहिलेले तयार अन्न पायाला धरावे आणि घरचे मांस वरून थोडे द्यावे, दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागापेक्षा जास्त नाही. तयार दाणे महाग वाटतात. पण बोनलेसच्या तीन महिन्यांचा आणि मोडलेल्या पायाचा खर्च मी एकत्र मांडून पाहिला आहे. दाणे स्वस्त पडले असते.

आणखी दोन गोष्टी. अन्न बदलायचे ते एकदम बदलू नये. आठ-दहा दिवसांत जुने कमी करीत नवे वाढवावे. आणि 'भूक लागली की खाईल' म्हणून मांजराला उपाशी ठेवू नये. अनेक प्राणिसंग्रहालयांत वाघ-सिंहांना आठवड्यातून एक दिवस उपवास असतो, पण ते घरच्या मांजराला लागू नाही. काही दिवस अन्न तुटले तर त्याच्या यकृतात चरबी साठून ते जिवावर बेतते. मांजर दोन दिवस जेवले नाही तर डॉक्टरकडेच जावे. आपल्यापासून फार दूर नाही, परळला १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शेजारच्या मावशींचा सल्ला घेण्याआधी, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलीचाही घेण्याआधी, जाणत्याला विचारलेले बरे.

कांडीला दीड महिना खोक्यात ठेवले. डॉक्टरांनी पिलांचे तयार अन्न आणि औषध दिले. मोडलेल्या हाडापेक्षा आमच्या घरात तिला खोक्यात कोंडून ठेवणेच अवघड गेले. पाय जुळला, पण किंचित वाकडा. ती आता खिडकीवर चढते. मात्र उडी मारण्यापूर्वी क्षणभर थांबते आणि अंतर पाहते. इतर मांजरे असे थांबत नाहीत.

आजी अजून म्हणते की दूध-भाकरीवर गावची मांजरे वाढली. परवा मी तिला विचारले, "आजी, ती मांजरे रात्री कुठे असायची गं?" ती म्हणाली, "कुठं म्हणजे? कणगीपाशी. उंदरांवर." मग आम्ही दोघीही हसलो. आजीची मांजरे दूध-भाकरीवर वाढलीच नव्हती. दिवसा दिसे ती दूध-भाकरी. रात्रीचे जेवण त्यांचे ती स्वतः आणीत होती, हाडांसकट.

माझ्या कांडीला मात्र मी वाढीन तेवढेच मिळत होते. ज्याचे पान पूर्णपणे आपल्या हाती आहे, त्याला वाढताना माया पुरत नाही. माहिती लागते, आणि तीही पुरती लागते.